लंकेंतील सोन्याच्या विटा

‘लंकेंत सोन्याच्या विटा’ ही म्हण आमच्यांत फार जुनी असून तिचा अर्थही सर्वांस ठाऊक आहे. विटा सोन्याच्या खऱ्या, पण त्या पडल्या लंकेंत. त्यांचा आम्हांस उपयोग काय? परक्याच्या वैभवाकडे पाहून उसासे टाकणारास गप्प बसविण्यास ही म्हण ठीक आहे. परंतु तिच्या आडोशास बसून शेजाऱ्याच्या घरांत काय चाललें आहे हें पाहण्याची संवयच आम्हीं सोडून दिली, हें मात्र ठीक झालें नाहीं. अमेरिकेंत लोक कसे राहतात, तेथील रस्ते कसे, घरें कशीं, हें आमच्या शहरांतील कोणीही सुशिक्षित गृहस्थ तोंडपाठ सांगेल; कारण कोणाचा मुलगा तिकडे असतो, कोणाचा जांवई. पण धनुष्कोडीच्या पुढें थोडासा समुद्र ओलांडला कीं जो देश लागतो, तेथें जन्मलेलें मूल वांचतें कीं नाहीं, वांचलें तर शाळेंत किती वर्षें बसतें, हें विचारून पाहा. उत्तर मिळावयाचें नाहीं. फार तर कोलंबोच्या सहलींत काय खरेदी केलें तें ऐकावयास मिळेल.

आणि तुलना उपयोगी पडावयाची असेल तर ती अशाच शेजाऱ्याशीं केली पाहिजे. अमेरिकेशीं ताडून पाहिलें म्हणजे ‘ते श्रीमंत, आपण गरीब’ एवढें म्हणून मोकळें होतां येतें. लंकेच्या बाबतींत ती पळवाट नाहीं. तेंच भाताचें अन्न, तोच मोसमी पाऊस, तेंच इंग्रजी राज्य, थोड्या निराळ्या रूपानें तोच जातिभेद. आणि स्वातंत्र्यही अवघ्या सहा महिन्यांच्या अंतरानें, आमचें १५ ऑगस्ट १९४७ रोजीं व त्यांचें ४ फेब्रुवारी १९४८ रोजीं.

आमच्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत, म्हणून हिशेबाच्याच भाषेंत बोलूं. एखाद्या पेढीशीं व्यवहार करावयाचा तर तिच्या दिवाणखान्यांतील झुंबरें मोजून कोणी पत ठरवीत नाहीं, खतावणी पाहतो. देशाची खतावणी पाहूं लागलें म्हणजे पुढील नोंदी दिसतात. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या मानवविकास अहवालांत २०२३ सालचे आंकडे दिले आहेत, त्यांत लंकेचा क्रमांक ८९ वा व भारताचा १३० वा आहे. लंकेंत जन्मास येणाऱ्या बालकास सरासरी ७७ वर्षांच्या आयुष्याची आशा धरतां येते, आमच्याकडे ७२ वर्षांची. प्रौढ मनुष्यानें शाळेंत काढलेलीं वर्षें तेथें सरासरीनें दहांहून अधिक, आमच्या येथें सातांच्या आंत. वर्षाच्या आंत दगावणारीं मुलें आमच्याकडे २०२३ सालच्या नोंदींत हजारीं २५, तेथें सहा-सातांच्या घरांत. बाळंतपणाच्या कारणानें मरणाऱ्या स्त्रिया आमच्याकडे २०१९ ते २१ या काळांत लाख जन्मांमागें ९३. तेथें तिसाच्या आसपास. पांच वर्षांखालील ज्या मुलांची उंची वयाच्या मानानें खुंटली आहे अशीं मुलें आमच्या २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत शेंकडा ३५.५ निघालीं, लंकेच्या २०१६ च्या पाहणींत शेंकडा १७.३.

आमच्या देशानें कांहींच केलें नाहीं असें कोणी यावरून समजूं नये. स्वातंत्र्य मिळालें तेव्हां आमच्या मनुष्याचें सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होतें. तें दुपटीहून अधिक झालें, देवी गेल्या, २०१४ सालीं देश पोलिओमुक्त ठरला. एवढ्या अफाट देशांत हें घडलें, याचा अभिमान आम्हांसही आहे. प्रश्न एवढाच कीं, त्याच पायरीवरून चढावयास लागलेला सोबती इतका पुढें कसा गेला?

‘तो मुळांतच श्रीमंत आहे’ असें उत्तर कोणी देईल. आज लंकेचें माणशीं उत्पन्न आमच्या दीडपटीहून अधिक आहे, ही गोष्ट खरी. पण १९७० च्या सुमारास पाहावें. त्या वेळीं दोन्ही देश जगाच्या दृष्टीनें दरिद्रीच होते; तरीही लंकेंतील मनुष्याचें सरासरी आयुष्य साठीच्या पलीकडे गेलेलें होतें व आमचें पन्नाशीच्या आंत रेंगाळत होतें. तेथें पैसा आधीं व आयुष्य मागून असा क्रम लागला नाहीं. तेव्हां कारण दुसरीकडे शोधिलें पाहिजे, आणि तें शोधण्यास १९२६ या सालापर्यंत मागें गेलें पाहिजे.

१९२६ सालीं मुंबईंत परळला दोन मोठीं कामें झालीं. केईएम रुग्णालय उघडलें व नौरोसजी वाडिया सूतिकागृहही उघडलें. दोन्ही संस्थांनीं तेव्हांपासून आजवर किती जीव वांचविले याची गणना नाहीं. त्याच वर्षीं कोलंबोच्या दक्षिणेस, किनाऱ्यावरील कळुतारा या गांवीं लंकेनें पहिला ‘आरोग्य विभाग’ स्थापिला. हा प्रयोग इमारतीचा नव्हता, प्रदेशाचा होता. एक टापू आंखून घ्यावयाचा. त्यावर एक वैद्यकीय अधिकारी नेमावयाचा. त्याच्या हाताखालीं आरोग्य निरीक्षक व शिकलेल्या सुइणी द्यावयाच्या. आणि प्रत्येक सुइणीस तिचीं घरें वांटून द्यावयाचीं. रोगी दारांत आला म्हणजे त्यास पाहावयाचें, ही रुग्णालयाची रीत. कोणत्या घरांत कोण गरोदर आहे हें आपण होऊन जाऊन आधींच टिपून ठेवावयाचें, ही कळुतारा येथील रीत. पुढें सारें बेट अशा विभागांत वांटलें गेलें, आणि आज साधारणतः तीन हजार वस्तीस एक सुईण असें तेथील मान आहे.

सुईण या शब्दानें आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें विळा घेऊन येणारी म्हातारी उभी राहील, म्हणून थोडा खुलासा करतों. लंकेची ही सुईण परीक्षा दिलेली, सरकारी पगारावर नेमलेली बाई असते. आपल्या टापूंतील विवाहित जोडप्यांची ती वही ठेवते. कोणास दिवस गेले कीं तिची नोंद होते. मग वजन, रक्त, लोहाच्या गोळ्या, कोणत्या रुग्णालयांत व केव्हां जावयाचें याची व्यवस्था. बाळंतपण घरीं करावयाचें नाहीं. जवळजवळ सारीं बाळंतपणें तेथें रुग्णालयांत होतात. बाळ-बाळंतीण घरीं आलीं कीं पुन्हां तीच बाई दारांत उभी. त्यांतूनही एखादी स्त्री दगावलीच, तर त्या एका मृत्यूची चौकशी होऊन चूक कोठें झाली हें शोधिलें जातें. १९३० च्या सुमारास त्या बेटांत लाख बाळंतपणांमागें दोन हजारांहून अधिक स्त्रिया मरत असत, व आज तीसच्या आसपास मरतात, याचें रहस्य एखाद्या चमत्कारिक औषधांत नसून या वहींत आहे.

अंगावर दागिना नसलेल्या स्त्रीस आम्ही ‘लंकेची पार्वती’ म्हणून हिणवितों. आमच्या पार्वतींच्या अंगावर सोनें पुष्कळ असतें. परंतु वर सांगितलेल्या आमच्याच पाहणींत पंधरा ते एकूणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ स्त्रियांच्या रक्तांत लोह पुरेसें नाहीं असें आढळलें. हा रोग केवळ झोंपडींतला नाहीं. ज्या घरांत सासरे, दीर, मुलें व शेवटीं सासू जेवून उठल्यावर उरलेल्या भाताभाजीवर सून बसते, त्या घरांत तिजोरी भरलेली असली म्हणून सुनेचें रक्त भरत नाहीं.

लंकेच्या लोकांस ही बुद्धि अनायासें सुचली असें नव्हे. १९३४–३५ सालीं तेथें हिंवतापाची अशी साथ आली कीं, तींत सुमारें ऐंशी हजार माणसें मेलीं. त्या प्रहारानंतर खेड्यापाड्यांतून दवाखाने निघाले. पुढें फवारणीनें डांस हटले व १९६३ सालीं साऱ्या बेटांत हिंवतापाचे अवघे १७ रोगी सांपडले. काम फत्ते झालें असें समजून सरकारनें हात आंखडता घेतला, तों १९६९ सालीं रोग्यांची संख्या पांच लाखांवर गेली! पुन्हां पहिल्यापासून आरंभ करून, मध्यें पंचवीस वर्षें घरांत यादवी चालू असतांही, २०१६ सालीं तो देश हिंवतापमुक्त असल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें जाहीर केलें. आमच्या नगरपालिकांनीं १९६३ ते १९६९ हा तुकडा दोनदां वाचावा.

दुसरें कारण मताचें. डोनोमोर राज्यघटनेप्रमाणें १९३१ सालीं लंकेंत तेथें स्थायिक असलेल्या एकवीस वर्षांवरील स्त्रीपुरुषांस मत मिळालें. शिक्षणाची किंवा मालमत्तेची अट राहिली नाहीं. आमच्या येथें त्या वेळीं मत हा करदात्यांचा व शिकलेल्यांचा मक्ता होता, आणि सर्वांस मत देण्याचा योग १९५१–५२ च्या निवडणुकींत आला. आमच्या मतें वीस वर्षांचें हें अंतर फार महत्त्वाचें आहे. ज्या बाईचें मूल तापानें गेलें तिच्या दारीं मत मागावयास जाणाऱ्या उमेदवारास दवाखान्याची गोष्ट टाळतां येत नाहीं.

तिसरें कारण शाळा. लंकेचे शिक्षणमंत्री सी. डब्ल्यू. डब्ल्यू. कन्नंगर यांनीं मोठ्या विरोधास तोंड देऊन १९४५ सालीं बालवर्गापासून विश्वविद्यालयापर्यंतचें शिक्षण विनामूल्य केलें. खेड्यांतील हुशार मुलास शहर गांठावें लागूं नये म्हणून त्यांनीं ५४ मध्यवर्ती विद्यालयें काढलीं व प्राथमिक शिक्षण मातृभाषेंत देण्याचा पाया घातला. आतां आमच्याकडे पाहावें. जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें खालच्या थरांतील मुलांच्या प्राथमिक शिक्षणाची बाजू मांडली. बडोद्यास सयाजीरावांनीं १९०६ सालीं साऱ्या राज्यांत तें सक्तीचें केलें. नामदार गोखले यांनीं १९११ सालीं प्राथमिक शिक्षणाचें बिल वरिष्ठ कायदेकौन्सिलांत आणलें, आणि तें पुढल्या वर्षीं १३ विरुद्ध ३८ मतांनीं फेटाळलें गेलें. विरोध करणारांत केवळ सरकारी गोरे होते असें नाहीं. मजुरांचीं मुलें शाळेंत गेलीं तर शेतांत कोण राबेल, अशी धास्ती पडलेले आमचेच जमीनदारही होते. सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा आमच्या देशांत अंमलांत आला तो १ एप्रिल २०१० रोजीं. बुद्धि आम्हांस आधीं झाली होती. कृति करण्यास एक शतक गेलें.

इतकें सांगून झाल्यावर प्रतिपक्षाचा सर्वांत जोरदार आक्षेप येतो, व तो टाळण्याचा आमचा विचार नाहीं. ‘ज्या देशाचें दिवाळें निघालें त्याचे गोडवे काय गातां?’ दिवाळें निघालें हें खरें आहे. १२ एप्रिल २०२२ रोजीं लंकेच्या सरकारनें परकीय कर्जाची फेड थांबविल्याचें जाहीर केलें. पेट्रोलच्या रांगांत लोकांचे दिवस गेले, तासन्‌तास वीज बंद राहिली, कागद नाहीं म्हणून शाळांच्या परीक्षा लांबल्या, रुग्णालयांत औषधें संपलीं. सप्टेंबरांत महागाई शेंकडा सत्तराच्या आसपास पोहोंचली. त्यापूर्वीं जुलैंतच राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे देश सोडून गेले होते. जागतिक बँकेच्या अंदाजाप्रमाणें दारिद्र्यांत राहणारांची संख्या लोकसंख्येच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत चढली. यास क्षुल्लक म्हणणारा मनुष्य हृदयशून्यच म्हटला पाहिजे.

परंतु दिवाळें कशानें निघालें, हें व्यापाऱ्यानें तरी विचारलेंच पाहिजे. तें सुइणींच्या पगारानें निघालें काय? तेथील सरकारचा आरोग्यावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेंकडा दोनांच्या आसपासच राहिला आहे. दिवाळें निघालें तें भारी व्याजाचीं परकीय कर्जें काढून उत्पन्न न देणारीं बंदरें व विमानतळ बांधल्यानें. २०१९ च्या ईस्टरच्या स्फोटांनीं व पुढें करोनाच्या साथीनें प्रवाशांचा ओघ आटल्यानें. २०२१ सालीं रासायनिक खतांची आयात एकाएकीं बंद करून भाताचें व चहाचें पीक बुडविल्यानें. आणि मूल्यवर्धित कर २०१९ च्या अखेरीस शेंकडा १५ वरून ८ वर आणल्यानें. हा शेवटचा मुद्दा आमच्या पेठांतील मंडळींनीं विशेष ध्यानांत घ्यावा. कर उतरला म्हणजे आनंद कोणास होत नाहीं? पण सरकारच्या गल्ल्यांत येणारा कर राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेंकडा आठांपर्यंत घसरला, आणि अडीच वर्षांत त्याच व्यापाऱ्यांस माल आणावयास परकीय चलन मिळेनासें झालें. त्या कठीण काळांत मुलांचें कुपोषण वाढल्याचें तेथील आरोग्यखात्यानें स्वतःच नोंदविलें. तें कळलें कशानें? देश बुडत असतांही सुइणी घरोघरच्या मुलांचीं वजनें करीत होत्या म्हणून.

लंकेचे खरे दोष निराळे आहेत, आणि ते दिवाळ्याहून जुने आहेत. डोंगरांतील चहाच्या मळ्यांत इंग्रजांनीं दक्षिण हिंदुस्थानांतून नेलेले तमिळ मजूर होते. १९४८ च्या कायद्यानें त्यांतील लाखों लोक कोणत्याच देशाचे नागरिक उरले नाहींत. १९६४ सालीं शास्त्री व सिरिमावो बंदरनायके यांनीं करार करून हीं माणसें दोन देशांत वांटून घेतलीं, आणि मागें राहिलेल्यांचा प्रश्न मिटावयास २००३ साल उजाडलें. मळ्यांतील मातांची व मुलांची स्थिति आजही उरलेल्या बेटाच्या मानानें वाईट आहे. १९५६ सालीं सिंहली हीच एक राजभाषा ठरली. त्या बीजाचें झाड १९८३ ते २००९ च्या यादवींत साऱ्या जगानें पाहिलें. एवढ्या शिकलेल्या देशांत मजुरीनें वा नोकरीनें कमावणाऱ्या स्त्रिया तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच आहेत, हेंही सांगितलें पाहिजे.

पण चहाच्या मळ्यांकडे बोट दाखवितांना आमच्या पेल्यांतील साखर कोठून येते तेंही पाहावें. बीड जिल्ह्यांतील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांत गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया फार होतात अशी ओरड झाल्यावर २०१९ सालीं सरकारनें चौकशी करविली. तींत पाहिलेल्या सुमारें ८२ हजार स्त्रियांपैकीं १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. पाळी आली कीं खाडा पडतो, खाडा पडला कीं दंड भरावा लागतो; म्हणून गर्भाशयच नको! कोयता घेऊन सहा महिने परजिल्ह्यांत राहणाऱ्या या बाईची नोंद कोणत्या सुइणीच्या वहींत व्हावयाची? गांवच्या वहींत ती गैरहजर, आणि फडाच्या वस्तीवर वहीच नाहीं.

‘लंका चिमुकली आहे, तिला हें सोंपें’ असाही एक युक्तिवाद ऐकूं येतो. लंकेची वस्ती सुमारें सवादोन कोटी. पुणें, सातारा, सांगली, सोलापूर व कोल्हापूर हे पांच जिल्हे मिळून होणाऱ्या आमच्या एका पुणें विभागाची वस्ती २०११ च्या खानेसुमारींतच तेवढी होती. सारा भारत एकदम लंकेएवढा पुढें आणा असें आम्ही म्हणत नाहीं. एका विभागीय आयुक्ताच्या हद्दींत जें होण्यासारखें आहे तें तरी होऊं द्या. केरळांत तें झालें आहे. २०२३ च्या नोंदींत तेथें हजारीं पांच बालकें दगावलीं, महाराष्ट्रांत चौदा, मध्यप्रदेशांत सदतीस. एकाच राज्यघटनेखालीं हीं तीन राज्यें आहेत.

आमच्याकडे माणसें नाहींत असेंही नाहीं. २००५ पासून गांवोगांव आशा कार्यकर्त्या फिरत आहेत, व बाळंतपणें रुग्णालयांत होण्याचें प्रमाण २०१९–२१ पर्यंत शेंकडा ८८ वर गेलें तें पुष्कळ अंशीं त्यांच्या पायपिटीमुळें. परंतु लंकेनें आपल्या सुइणीस पगारदार नोकर केलें, आणि आम्हीं आशाताईस ‘स्वयंसेविका’ हें गोड नांव देऊन कामामागें मोबदला ठरविला. दुकानांतील गुमास्त्यास कोणी स्वयंसेवक म्हणून ठेवीत नाहीं. ज्या बाईवर दोन जीवांचा भरंवसा ठेवावयाचा तिच्याच बाबतींत ही काटकसर कां, हें आमच्या आमदारांनीं एकदां मतदारांस समजावून सांगावें.

राहिली दानाची गोष्ट. या बाबतींत मुंबईचे जुने धनिक कोणास हार जाणारे नव्हते. जमशेटजी जिजीभाई, कामा, वाडिया या नांवांचीं रुग्णालयें आजही चालत आहेत. त्यांच्या वारसांच्या, म्हणजे आमच्या आजच्या पेढीवाल्यांच्या वर्गणीचा मोठा भाग कमानींवर, मांडवांवर व फलकांवरील छबींवर जातो, हें वाचकांस आम्हीं सांगावयास नको. ज्या शहरांत नगरपालिकेच्या प्रसूतिगृहांतील परिचारिकांच्या जागा रिकाम्या आहेत, तेथील व्यापारी मंडळानें एका वर्षाच्या कमानींचा खर्च वाचवून पांच बायांस सुइणीचें शिक्षण द्यावें, व अंदाजपत्रकाच्या सभेस दोन माणसें पाठवून त्या जागा भरण्याविषयीं नांवनिशीवार प्रश्न विचारावेत. लंकेंतही आरंभ सरकारनें केलेला नाहीं. कोलंबोचें पहिलें सूतिकागृह चार्ल्स हेन्री डि सोयसा या बागाईतदार व्यापाऱ्यानें दिलेल्या पैशांतून १८७९ सालीं, कळुतारा येथील प्रयोगाच्या सत्तेचाळीस वर्षें आधीं, उघडलें. आणि तें त्याच्याच नांवानें आजही चालू आहे.